वेट वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, मग टाकायचे कुठे आणि कसे? घरात बाळ किंवा रुग्ण असणाऱ्यांसाठी

माझी मुलगी तीन महिन्यांची होती. सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. "अगं, आमच्या संडासातून पाणी वर येतंय. तुमच्याकडे काही झालंय का?" आमच्याकडे काहीच झालं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमचा फ्लश व्यवस्थित चालत होता. खाली जाऊन पाहिलं तर त्यांच्या बाथरूममध्ये घोटाभर घाण पाणी होतं आणि आजोबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते.

प्लंबर आला. त्याने इमारतीमागचं चेंबर उघडलं, पाइपमध्ये स्प्रिंग घातली, फिरवली आणि ओढली. तीन-चार वेळा ओढल्यावर मनगटाएवढा जाड, करडा, पीळ बसलेला दोरखंड बाहेर आला. ते सगळे वाइप्स होते, आमच्या बाळाचे. त्याने तो गुंता उघड्या हातांनी ओढून बाजूला टाकला आणि विचारलं, "बिल्डिंगमध्ये लहान बाळ कुणाकडे आहे?" बाळ एकट्या आमच्याकडेच होतं.

मी वाइप्स कमोडमध्ये टाकत होते, कारण पाकिटावर ‘बायोडिग्रेडेबल’ असं लिहिलं होतं आणि फ्लश केल्यावर ते दिसेनासे होत होते. पुढे दोन वर्षांनी वाईला माहेरी बाबा आजारी पडले, तेव्हा हेच सगळं सेप्टिक टँकच्या बाबतीत शिकावं लागलं. या दोन्ही अनुभवांतून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही नव्याने आईबाबा झाला असाल, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला असाल, तर पहिल्याच आठवड्यात एवढं करून टाका.

आधी हे सामान जमवा

- पायाने उघडणारा, झाकण असलेला ५ ते ७ लिटरचा डबा. जितक्या ठिकाणी वाइप वापरता तितके डबे.
- जुनी वर्तमानपत्रं. रंगीत गुळगुळीत पुरवण्या नकोत, साधा कागद.
- लाल मार्कर पेन.
- जाड रबरी हातमोजांचे दोन जोड, एक घरासाठी आणि एक प्लंबरसाठी.
- कमोडचा प्लंजर. बेसिनचा पसरट प्लंजर कमोडला नीट बसत नाही, खाली रबराची आत वळणारी कड असलेला घ्या.
- सोसायटीत राहत असाल तर ड्रेनेजच्या नकाशाची झेरॉक्स. बंगला किंवा वाडा असेल तर सेप्टिक टँक नेमका कुठे आहे आणि तो शेवटचा कधी उपसला, याची वहीत नोंद.

नकाशाची गरज काय, असं वाटेल. आमच्या प्लंबरचा सकाळचा दीड तास फक्त आमच्या पाइपचं चेंबर कुठलं हे शोधण्यात गेला, आणि तेवढा वेळ आजी-आजोबांच्या घरात पाणी साचत राहिलं.

१. वाइप म्हणजे कागद नव्हे, हे स्वतः पाहून घ्या

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरीच एक प्रयोग करा. दोन रिकाम्या बाटल्या घ्या, दोन्हींत अर्धं पाणी भरा. एकीत टॉयलेट पेपरचा तुकडा टाका, दुसरीत तुमच्या पाकिटातला वाइप. झाकण लावून दोन्ही मिनिटभर हलवा. टॉयलेट पेपरचा लगदा होऊन पाणी गढूळ होईल. वाइप जसाच्या तसा राहील. बाटली तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा, आठवड्याने पाहा. माझ्या बाटलीतला वाइप महिन्यानंतरही पिळून पुन्हा वापरता आला असता. सासूबाईंना आणि मालीशवाल्या मावशींना पटवायला मला ही एक बाटली पुरली.

असं होतं कारण टॉयलेट पेपर लाकडाच्या आखूड तंतूंचा असतो आणि पाण्यात ते तंतू सुटे होतात. वाइपसाठी लांब तंतू लागतात. बहुतेकदा पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज यांचं मिश्रण असतं, आणि पाण्याच्या जोरदार बारीक धारा मारून ते तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. वाइप ओला असतानाही फाटू नये म्हणूनच तो तसा बनवतात. हाताला जो मजबूतपणा सोयीचा वाटतो, तोच पाइपमध्ये गेल्यावर नडतो.

एकटा वाइप सहसा पाइप तुंबवत नाही. तो कुठेतरी अडकतो: सांध्याच्या आतल्या कडेला, वळणावर, किंवा पाइपचा उतार कमी पडला असेल तिथे. मग दुसरा त्याला येऊन चिकटतो, त्यात केस गुंततात. चेंबरमध्ये स्वयंपाकघराचं पाणीही येऊन मिळतं, त्यातलं तेल-तूप थंड होऊन या जाळीवर थिजतं. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली वाइप्स आणि चरबीचा असाच एक गोळा सापडला होता. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. आपल्या चार इंची पाइपला तेवढ्याची गरज नाही, तिथे वीतभर गुंता पुरतो.

आणि तुमचा फ्लश नीट चालतोय, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही. वरच्या मजल्यांचं सगळं पाणी एकाच उभ्या पाइपने खाली येतं, गुंता खालच्या वळणावर बसतो, आणि अडलेलं पाणी जे तोंड सगळ्यात खाली असेल तिथून वर येतं. म्हणजे चूक तिसऱ्या मजल्यावरची आणि घाण तळमजल्यावरच्या घरात.

२. पाकिटावरचे शब्द नीट वाचा

इथे नवखी माणसं हमखास फसतात. मीही फसले.

*‘बायोडिग्रेडेबल’* म्हणजे योग्य जागी, पुरेसा काळ पडून राहिल्यावर कुजणारा. फ्लश केल्यापासून चेंबरपर्यंत पोचायला त्याला मिनिटभरही लागत नाही. तेवढ्यात काहीही कुजत नाही. शुद्ध सुती वाइपसुद्धा पाइपमध्ये कापडाच्या चिंधीसारखाच वागतो.

*‘फ्लशेबल’* असं लिहिलेलं असेल तरी टाकू नका. याच्या चाचण्या कशा घ्यायच्या यावर बनवणारे आणि सांडपाणी यंत्रणा चालवणारे यांच्यात बरीच वर्षं वाद आहे. ब्रिटनमध्ये जल कंपन्यांच्या संघटनेने २०१९ साली ‘फाइन टू फ्लश’ नावाचा शिक्का सुरू केला होता. तो त्यांनी २०२४ मध्ये बंद केला आणि सरसकट सांगितलं की वाइप कचऱ्याच्या डब्यातच टाका. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरात जुन्या शिक्क्याची पाकिटं पडलेली असतील तर त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

*‘९९ टक्के पाणी’* हे आतल्या द्रवाबद्दल असतं, कापडाबद्दल नाही. माझ्या मैत्रिणीने याचा अर्थ ‘पाण्यात विरघळणारे’ असा घेतला होता.

पाकिटाच्या मागे कमोडवर फुली मारलेलं छोटं चित्र अनेकदा असतं, बोटाच्या नखाएवढं, शिवणीजवळ. ते शोधा आणि घरातल्यांना दाखवा.

हाच नियम मेकअप पुसायचे वाइप्स, फरशी पुसायचे जंतुनाशक वाइप्स, टिश्यू, कापसाचे बोळे, कान साफ करायच्या काड्या, डायपर, पॅड आणि कंडोम यांनाही लागू. कमोडमध्ये शी, शू आणि पाणी जावं. वापरत असाल तर टॉयलेट पेपर, तोही थोडाच.

३. डबा हाताच्या अंतरावर ठेवा

सगळ्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

आमच्याकडे डबा नव्हता असं नाही. तो स्वयंपाकघरात होता. रात्री अडीच वाजता बाळाने शी केलेली, एका हाताने तिचे दोन्ही पाय धरलेले, दुसऱ्या हातात भरलेला वाइप, आणि कमोड चार पावलांवर. अशा वेळी माणूस स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. वाइप कमोडमध्ये जातो तो निष्काळजीपणाने कमी आणि हात अडकलेले असल्याने जास्त. त्यामुळे दुसऱ्यांना आणि स्वतःला बजावत बसण्यापेक्षा डबा हलवा.

बाळाचे कपडे जिथे बदलता तिथे बसल्या जागेवरून हात पोचेल असा एक डबा ठेवा. दुसरा कमोडच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला. घरात रुग्ण असेल तर तिसरा पलंगाच्या पायथ्याशी. झाकण हवंच, नाहीतर वासाला कंटाळून कुणीतरी डबा पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवतं आणि सगळं मुळापासून सुरू होतं. आत तळाला वर्तमानपत्राचा जाड थर घाला, ओल शोषली जाते. मी त्यावर चमचाभर खाण्याचा सोडा भुरभुरते.

पायाने उघडणारा डबा महाग वाटला तर झाकणाचा जुना प्लॅस्टिकचा डबाही चालतो, पण मग झाकणाला हात लागतो. बाळ सांभाळताना दिवसातून पंधरा वेळा तो हात लागणार, हे लक्षात घेऊन ठरवा.

४. गुंडाळायची रीत

वाइप डब्यात गेला म्हणजे काम संपलं नाही. प्लंबरच्या उघड्या हातांतला तो गुंता मी पाहिला होता. घरातला डबा भरल्यावर तो कचरा कुणाच्या हातात जातो, हे त्यानंतर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पुण्यात आमच्या सोसायटीत कचरा गोळा करायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. खाली सुका कचरा त्या हाताने निवडतात: कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. कागदाच्या ढिगात हात घातल्यावर मऊ ओलं काही लागलं, तर ते माझ्या मुलीची शी पुसलेलं कापड असू शकतं. वाइप गटारातून निघाला काय आणि डब्यातून निघाला काय, तो कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागतोच. तो उघड्या त्वचेला लागू नये, इतकं आपण करू शकतो.

रीत अशी:

पहिल्यांदा शी कमोडमध्ये टाका. डायपरमध्ये किंवा वाइपवर घट्ट शी असेल तर ती झटकून फ्लश करा. मैल्याची जागा तीच आहे, कचऱ्याची गाडी नव्हे.

मग वाइपची स्वच्छ बाजू बाहेर येईल अशी घडी घाला. डायपर बदलत असाल तर सगळे वाइप त्याच डायपरमध्ये ठेवून डायपर गुंडाळा आणि त्याच्याच पट्ट्यांनी चिकटवा. नुसते वाइप असतील तर दिवसभराचे एकत्र करून संध्याकाळी बांधा.

वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान तिरकं पसरा. गाठोडं एका कोपऱ्यात ठेवून एकदा गुंडाळा, दोन्ही बाजूंची टोकं आत दुमडा, पुन्हा गुंडाळा, उरलेलं टोक खोचून द्या. किराणा दुकानात पूर्वी साखरेची पुडी बांधायचे तशी. चिकटपट्टीची गरज पडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारू नका, ती पिशवी भंगारात विकली जाईल असं समजून कुणीतरी उघडतं.

शेवटी पुडीवर लाल मार्करने रुपयाच्या नाण्याएवढा ठळक ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांनी ‘रेड डॉट’ नावाने ही मोहीमच चालवली. लाल ठिपका दिसला की त्या पुडीला हात न लावता ती बाजूला ठेवतात. तुमच्या गावात ही पद्धत माहीत नसेल, तर घंटागाडीवरच्या माणसांना एकदा समोर उभं राहून सांगा की लाल ठिपक्याच्या पुड्या उघडू नका. आम्ही सांगितलं तेव्हा ताईंनी शेजारच्या दोन इमारतींतही हे सुरू करून दिलं.

‘स्वच्छ’ने जुन्या वर्तमानपत्रांच्या अशा खास पिशव्याही बनवल्या आहेत, पॅड-डायपर टाकण्यासाठी. मिळत असतील तर घ्या. नाहीतर घरचं वर्तमानपत्र पुरेसं आहे.

५. कुठल्या डब्यात द्यायचं

ओल्या कचऱ्यात कधीही नाही. वाइप ओला असतो म्हणून तो ‘ओला कचरा’, असा समज मी चार घरांत तरी ऐकला. ओला कचरा म्हणजे स्वयंपाकघरातला कुजणारा कचरा. सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात वाइप गेला तर सहा महिन्यांनी खत चाळताना तो तसाच निघतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये सांगितलं होतं की डायपर, सॅनिटरी पॅड आणि तशा प्रकारचा कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यावा. गटारात किंवा नाल्यात कचरा टाकायलाही त्याच नियमांनी मनाई केली. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे प्रकार आहेत. शी-शू पुसलेले वाइप सॅनिटरी कचऱ्याबरोबर द्या. घंटागाडीवर त्याचा वेगळा कप्पा असेल तर पुडी तिथे, नसेल तर ठिपक्याची पुडी वेगळी हातात द्या, सुक्या कचऱ्यात मिसळून नको.

जाळू नका. गावाकडे परसात कचरा पेटवतात त्यात वाइपही जातात. पॉलिएस्टर म्हणजे प्लॅस्टिकच, त्याचा धूर घरातल्या बाळाच्याच नाकात जातो. पुरूही नका, पहिल्या पावसात कुत्री उकरून काढतात.

६. घरातल्या प्रत्येकाला एकदा सांगा

मालीश करायला येणाऱ्या मावशी, रात्रीची आया, रुग्णाजवळ बसणारा ब्रदर, बारशाला आलेले पाहुणे. यातलं कुणीही वाइप वापरतं, आणि आपण त्यांना काही सांगितलेलं नसतं. मी कमोडच्या टाकीवर एक कागद चिकटवला: ‘वाइप इथे नको, शेजारच्या डब्यात टाका.’ डब्याकडे बाण काढला. नुसतं ‘टाकू नये’ लिहिलेल्या पाट्या लोक वाचत नाहीत. कुठे टाकायचं ते लिहिलं की टाकतात.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांना बाटली दाखवली. पुढच्या आठवड्यात त्यांनीच त्यांच्या दुसऱ्या घरी बाटली भरून ठेवली होती.

आणखी एक जागा नजरेतून सुटते, ती म्हणजे मोरीची जाळी. बाळाला मोरीत पायावर घेऊन धुताना वाइप खाली पडतो, पाणी जात नाही म्हणून कुणीतरी जाळी उचलून बाजूला ठेवतं, आणि वाइप नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साचून राहणाऱ्या भागात, उतरतो. जाळी स्क्रूने घट्ट बसवून घ्या. केस काढायला दर रविवारी स्क्रू खोलायचा, पुन्हा लावायचा.

७. पाइप तुंबायची लक्षणं दिसली तर

एकदम कधी तुंबत नाही. आधी आठ-दहा दिवस खुणा दिसत असतात. फ्लश केल्यावर पाणी कमोडमध्ये वर चढून मग सावकाश उतरतं. बेसिनचं पाणी सोडलं की कमोडमध्ये गुडगुड आवाज येतो. मोरीच्या ट्रॅपमधून वास येतो किंवा फ्लशनंतर तिथे पाणी वर येतं. यातलं एकही दिसलं की त्या दिवशी पुन्हा पुन्हा फ्लश करू नका. ‘जोर लावून जाईल’ या समजुतीनेच पाणी खालच्या घरात जातं.

मग हे क्रमाने करा. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांना विचारा. फक्त तुमच्याकडे असेल तर अडथळा तुमच्या कमोडच्या ट्रॅपमध्ये (कमोडखालच्या वळणात) किंवा आडव्या पाइपमध्ये आहे. दोघांकडे असेल तर उभ्या पाइपमध्ये किंवा चेंबरमध्ये.

फक्त तुमच्याकडे असेल तर हातमोजे घाला. कमोडमध्ये प्लंजर बुडेल इतकं पाणी हवं. प्लंजर हळू दाबून आतली हवा काढा, मग वर-खाली पंधरा-वीस वेळा, रबर न उचलता. महत्त्वाचं म्हणजे ओढताना जोर लावा, दाबताना नाही. वाइप पुढे ढकलला तर तो आणखी अवघड वळणावर जाऊन बसतो. आपल्याला तो मागे घ्यायचा आहे. दोन-तीनदा करून पाणी उतरलं नाही तर थांबा आणि प्लंबरला बोलवा. लोखंडी सळई किंवा हँगर वाकवून घालू नका, चिनी मातीला चरा पडतो आणि पुढच्या वेळी घाण तिथेच धरते.

आता न करायच्या गोष्टी, कारण घाबरलेला माणूस आधी याच करतो.

ॲसिड ओतू नका. कॉस्टिक सोडाही नको. थिजलेलं तूप, साबणाचा थर किंवा केस यांवर सोड्याचा उपयोग होतो, पण वाइपचा गुंता त्याने विरघळत नाही. पाणी तुंबलेलं असल्याने ते रसायन तिथेच साचून राहतं आणि नंतर प्लंबर हात घालतो तेव्हा त्याच्या अंगावर उडतं. काही ओतलं असेलच तर तो यायच्या आधी त्याला फोनवर सांगा.

ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. आदल्या दिवशी ॲसिडने संडास धुतला आणि दुसऱ्या दिवशी ‘जंतू मरतील’ म्हणून ब्लीच ओतलं, असं सहज होतं.

उकळतं पाणीही ओतू नका. थंड कमोडला तडा जाऊ शकतो आणि पीव्हीसीचे सांधे मऊ पडतात.

८. चेंबर उघडायची वेळ आली तर

सोसायटीत सामाईक ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची, असं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. सचिवांकडे लेखी अर्ज द्या. तारीख, कुठल्या पाइपला अडथळा आहे आणि कुणाच्या घरात पाणी येतंय एवढं लिहा, चेंबरचा फोटो जोडा. चूक आपल्या घरातून झालेली असेल तर तेही लिहावं असं माझं मत आहे. मी लिहिलं. आजी-आजोबांच्या घरची सफाई आणि प्लंबरचे पैसे आम्ही दिले. आजींनी नंतर चहा पाजला, पण त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत त्यांच्या लग्नातला शालू होता. तो भिजला होता, आणि त्याची भरपाई होण्यासारखी नव्हती.

प्लंबर चेंबरच्या काठावर बसून स्प्रिंग मारतो ते ठीक. त्याला हातमोजे द्या, हात धुवायला साबण-पाणी द्या, निघालेला गुंता तिथेच झाडाच्या बुंध्याशी न टाकता जाड पिशवीत भरून घ्या. पण सेप्टिक टँक किंवा खोल मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही. हे शब्दशः घ्या. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. रोजच्या पेपरात या बातम्या येतात.

हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टँकच्या अशा धोकादायक सफाईला माणूस लावणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लावणारी सोसायटी असो की घरमालक. अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. "दोनशे रुपये जास्त द्या, पोरगा उतरतो," असं कुणी म्हणालं तर त्याला परत पाठवा आणि महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या सक्शन गाडीसाठी नोंद करा. केंद्राने २०२० मध्ये सफाईमित्रांच्या, म्हणजे गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांच्या, सुरक्षेच्या मोहिमेसोबत १४४२० ही मदतवाहिनीही सुरू केली आहे.

वाईला आमच्या घरी सेप्टिक टँक आहे. बाबांच्या आजारपणात दिवसाला दहा-बारा वाइप लागत. आई बिचारी सगळे संडासात टाकायची, तिला वाटायचं टाकीत गेलं की सगळं कुजतं. कुजतो तो मैला, जिवाणूंमुळे. वाइप वरच्या सायीच्या थरात तरंगत राहतात, हळूहळू बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी गोळा होतात, आणि पाणी मागे घरात येतं. वाई आणि सिन्नर या दोन नगरपालिकांनी गावातले सगळे सेप्टिक टँक ठरलेल्या वेळापत्रकाने, दर तीन वर्षांनी उपसायची पद्धत सुरू केली. देशात हे आधी करणाऱ्या गावांत ही दोन आहेत. गाडी आली तेव्हा मी घरी होते. आमच्या टाकीवर गाडीची नळी दोनदा तुंबली. दोन्ही वेळा गाडीवरच्या माणसाने नळीच्या तोंडातून वाइपचा बोळा ओढून काढला. हातमोजे होते, तरी मला तिथे उभं राहवेना.

त्या दुपारी आईच्या संडासात आणि बाबांच्या पलंगापाशी डबे आले.

तुमच्या गावात अशी ठरलेली फेरी नसेल तर टाकी दोन-तीन वर्षांनी स्वतःहून उपसून घ्या. तुंबायची वाट पाहू नका, आणि तारीख वहीत लिहा.

९. मुळात वाइपच कमी करा

आमच्याकडे मुलीसाठी दिवसाला पंधरा वाइप लागायचे, म्हणजे महिन्याला साडेचारशे. आता दुसरं बाळ आहे आणि महिन्याला एक पाकीट पुरतं, तेही प्रवासासाठी. बाकी सगळं कापडावर.

आजीच्या मऊ पडलेल्या सुती साडीचे आणि आजोबांच्या धोतराचे तळहाताएवढे पंचवीस-तीस तुकडे कापा आणि कडांना शिलाई मारा, नाहीतर दोरे सुटतात. थर्मासमध्ये कोमट पाणी, वाटीत कापसाचे बोळे, शेजारी तुकड्यांची चळत. शू असेल तर नुसतं ओलं कापड पुरतं. शी असेल तर आधी मोरीत पाण्याने धुवा, मग कापडाने टिपा. आपल्याकडे नाहीतरी पाण्यानेच धुतात, वाइप लागतो तो बाहेर असताना आणि रात्री पाणी नको वाटतं तेव्हा. रात्रीसाठी थर्मास पलंगाशेजारी ठेवला की तेही भागतं. रुग्णाला कूस बदलून पुसायचं असेल तर तुकडे मोठे, टॉवेलच्या अर्ध्या आकाराचे करा.

वापरलेले तुकडे झाकणाच्या बादलीत पाण्यात ठेवा. शी लागलेला तुकडा आधी कमोडवर धरून जेट स्प्रेने धुवा, घट्ट धरा, हातातून निसटून आत जाऊ देऊ नका. एक दिवसाआड गरम पाणी आणि साबणाने बाकी कपड्यांपासून वेगळे धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून त्या चार महिन्यांसाठी तुकड्यांचा आणखी एक संच करून ठेवा, आणि अर्धवट ओला तुकडा बाळाला वापरू नका, मांडीच्या सांध्यात लगेच लाल होतं. तसा राहिलाच तर इस्त्री फिरवून घ्या.